जुलैमध्ये आयकर रिटर्न भरून देणाऱ्यांची इतकी धावपळ का होते? आधीच काम उरकत का नाहीत?

कारण कागदच उशिरा हातात येतात. कंपनीने शेवटच्या तिमाहीचं टीडीएस (आधीच कापलेल्या कराचं) विवरण 31 मेपर्यंत भरायचं, मग फॉर्म 16, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, द्यायला 15 जूनपर्यंत मुदत. त्यामुळे पगारदारांसाठी 31 जुलैपर्यंत जेमतेम दीड महिना उरतो. 2025 साली मुदत 16 सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण दरवर्षी त्या भरवशावर राहू नका.

फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो ताळमेळात. एका निवृत्त बाईंचं एआयएस (आयकर खात्याकडची वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांची नोंद) उघडलं, तर त्यात तीन बँकांचं एफडीचं व्याज. त्यांनी पासबुक आणलेलं एकच. "अहो, त्यावर टॅक्स कापलाय की!" टीडीएस 10 टक्के कापला म्हणून कर संपत नाही, व्याज उत्पन्नात दाखवावंच लागतं, हे समजावण्यात अर्धा तास गेला. तो वेळ द्यायलाच हवा. नोटीस आली तर त्यांच्या नावावर येते.

त्यात शेवटच्या आठवड्यात पोर्टल रखडतं, आणि ओटीपी येतो तो पुण्यातल्या मुलाच्या मोबाईलवर. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करायचं राहून गेलेलेही बरेच असतात. कागद जूनमध्येच आणून द्या, सगळ्या बँकांचे.