अ‍ॅक्टिव्ह पिकअप घेण्याआधी घरघर कुठून येते ते शोधा

मालवणच्या ऑर्केस्ट्रात वाजवता, गिटारला दोन पॅसिव्ह हम्बकर (बॅटरी न लागणारे, दोन कॉइलचे पिकअप; पिकअप म्हणजे तारांचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारा भाग) आहेत, गेन (अँपमधली सिग्नलची वाढ) वाढवला की घरघर येते. म्हणून ईएमजी ८१ आणि ८५ ही अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपची जोडी आणून जुन्याच पॉट (व्हॉल्यूम-टोनचे फिरते कंट्रोल) आणि जॅकवर बसवायची, असा तुमचा बेत दिसतो. जोडी उत्तम आहे. जुने पॉट मात्र चालणार नाहीत. आणि पैसे मोजण्याआधी एक तपासणी करा.

अँप चालू ठेवून गेन वाढवा आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली तर ती अँप, पेडलचा अडॅप्टर किंवा मंडपातल्या वायरिंगची आहे. कुठलाही पिकअप ती घालवणार नाही. गणपतीत कीबोर्ड एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर आणि अँप तिसरीकडे असं सर्रास असतं. सगळं एकाच बोर्डावरून घेतलं की निम्मा त्रास तिथेच संपतो. आता व्हॉल्यूम परत वाढवा आणि तारांवर हात ठेवा. आवाज एकदम खाली आला, तर घरघर गिटारच्या पोटातल्या उघड्या वायरी आणि तुमचं शरीर मिळून पकडतायत. हम्बकरमधली दोन कॉइल एकमेकींची घरघर कापतात, पण पोटातल्या वायरींना ते संरक्षण नाही. तिथे आतून तांब्याची चिकटपट्टी लावा, सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडा. माझ्या मते पहिलं काम हेच, आणि पुष्कळांना त्यापुढे जावंच लागत नाही.

मग अ‍ॅक्टिव्हचा खरा फायदा कुठे? पॅसिव्ह पिकअपमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे असतात, त्याचा इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) जास्त, त्यामुळे लांब केबल जोडली की वरचे सूर मरतात. ईएमजीत वेढे कमी आणि आतच छोटा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) असतो. आउटपुट १० किलोओहमच्या आसपास. दहा मीटर केबल टाकून स्टेजभर फिरलात तरी आवाज तोच राहतो. पिकअप आतूनच शील्ड केलेला असल्यामुळे जास्त गेनवरही शांत असतो.

म्हणूनच पॉट २५ किलोओहमचे लागतात. नव्या सेटबरोबर सहसा येतातच. तुमच्या ५०० किलोओहमच्या पॉटवर व्हॉल्यूम हळूहळू न बदलता टोकाला एकदम उडी मारेल. आणि एक जुना पॅसिव्ह ठेवून तो २५ किलोओहमच्या पॉटवर चालवला तर अगदी बोथट वाजेल. बदलायचे तर दोन्ही पिकअप बदला. जॅक स्टिरिओच हवा. बॅटरीची ऋण वायर त्याच्या मधल्या रिंगला जाते आणि साधा प्लग आत गेला की सर्किट पूर्ण होतं. म्हणजे प्लग लावून ठेवलेली गिटार बॅटरी खातच राहते.

ब्रिजवरून (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग) येणारी तारांची ग्राउंड वायर ईएमजीला लागत नाही. ती सोडवा, टोकाला स्लीव्ह घालून बाजूला ठेवा. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात ओल्या जमिनीवर, कच्च्या अर्थिंगवर वाजवावं लागतं. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो, तो ही एक वायर सोडवल्यामुळे बराच टळतो. पण जॅकची पट्टी ग्राउंडलाच असते, म्हणून निर्धास्त राहू नका. मल्टीमीटर एसीवर ठेवून माइकची जाळी आणि जॅकची पट्टी यांच्यात मोजा. दहा-वीस व्होल्ट दिसले तरी वायरमनला बोलवा, तोवर वाजवू नका. यात संकोच करू नका, जिवाचा प्रश्न आहे.

खारा वारा बॅटरीच्या क्लिपवर हिरवी बुरशी चढवतो आणि जॅकचे पाते काळे पाडतो. नऊ व्होल्टची अल्कलाइन बॅटरीच वापरा. स्वस्तातली लवकर गळते. दोन पिकअपवर ती हजारभर तास सहज जाते, म्हणून विसरली जाते. दर गणपतीआधी नवी घाला, गिटार बरेच दिवस पडून राहणार असेल तर काढून ठेवा. बॅटरी मरायला लागली की आवाज बारीक होतो आणि फाटतो. ऐन कार्यक्रमात तसं झालं तर आधी तीच बघा.

आवाजाचं म्हणाल तर ८१ सिरॅमिक चुंबकाचा, घट्ट आणि धारदार. ब्रिजजवळ फार छान. नेकजवळ, म्हणजे दांड्याच्या बाजूला, तुमच्यासाठी मी ८५ ऐवजी ईएमजी ६० सुचवेन. मेटॅलिका बँडच्या जेम्स हेटफील्डनं ८१ आणि ६० हीच जोडी वर्षानुवर्षं वापरली आहे. ऑर्केस्ट्रात निम्मी गाणी क्लीन (डिस्टॉर्शनशिवाय) वाजतात आणि ६० क्लीनमध्ये जास्त मोकळा वाजतो. मात्र व्हॉल्यूम थोडा कमी करून डिस्टॉर्शन साफ करायची तुमची सवय असेल, किंवा जुन्या धाटणीचा फझ पेडल (आवाज खरखरीत, फाटका करणारा) वापरत असाल, तर पॅसिव्हच ठेवा. तो फझ अ‍ॅक्टिव्हपुढे नीट वागत नाही, कर्कश होतो.

बसवायचं ठरलंच तर आधी बॅटरीला जागा आहे का ते पाहा. नसेल तर लाकूड कोरावं लागेल, आणि एकदा कोरलं की परत भरून येत नाही.