कडुनिंबावर गुळवेल चढलीय, तोडून टाकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जुळे सोलापुरात घरासमोर जुना कडुनिंब आहे, त्यावर गुळवेल पार वरपर्यंत गेलीय, काही फांद्या वाळल्यात, आणि शेजारचे काका म्हणतायत, "वेल झाडाला खाणार, मुळातून तोडा."

काकांना म्हणावं, जरा दम धरा. मी इथलाच, झाडांची छाटणी-निगा हेच माझं काम. गुळवेल झाडाचा रस पीत नाही. तिची मुळं जमिनीत असतात, पानं हिरवीगार, स्वतःचं अन्न ती स्वतः करते. झाड तिला फक्त टेकायला हवं असतं.

रस पिते ती अमरवेल. बांधावरच्या बोरीवर पिवळ्या शेवयांचा गुंता पडलेला दिसतो ना, तीच. तिला पानं नाहीत, एकदा झाड धरलं की जमिनीतलं मूळही उरत नाही. ती सालीत बारीक शोषकं खुपसते आणि सगळं तिथूनच घेते. तिला बुडाशी कापायला बूडच नसतं. धरलेल्या फांदीसकट, फळं धरायच्या आत कापायची आणि जाळायची. तुटका तुकडा झाडावर राहिला तर तोही पुन्हा वाढतो.

मग गुळवेलीपासून त्रास नाहीच का? आहे, पण वेगळा. दाट वेलीखाली झाडाच्या पानांना ऊन मिळत नाही, मग झाकलेल्या, आतल्या फांद्या मरतात. जाड वेलीचा विळखा घट्ट असेल तर खोड जाड होताना तो सालीत रुततो. आणि वजन. मे महिन्यात वळवाचं वारं सुटतं तेव्हा वेलीने भरलेला शेंडा वारा अडवतो आणि फांदी मोडते. यात गुळवेलीपेक्षा बोगनवेल आणि मधुमालती जास्त वाईट. कंपाउंडपाशी रोज पाणी पिऊन त्या झाडावर चढतात आणि बघता बघता डोईजड होतात.

इंटरनेटवरचा बराचसा सल्ला थंड देशांतल्या आयव्ही नावाच्या वेलीबद्दलचा असतो. तिकडे हिवाळ्यात झाडं बोडकी आणि वेल हिरवी. आपल्याकडे गुळवेलच कोरड्या दिवसांत पानं टाकते. कडुनिंबाला चैत्रात पालवी फुटते तेव्हा ती बहुतेक नुसत्या दोऱ्या होऊन लोंबत असते, म्हणून दोघांचं तसं जमतं. निंबावरचीच गुळवेल औषधाला चांगली मानतात, कोरोनातल्या काढ्याच्या दिवसांत लोकांनी ती किती ओरबाडली ते आठवत असेलच.

आता वाळक्या फांद्यांचं. त्या नेमक्या कुठे आहेत ते बघा. वेलीखाली, आतल्या बाजूला असतील तर वेलीचा दोष. पण जिथे वेल पोचलीच नाही तिथलेही शेंडे तपकिरी होऊन वाळले असतील, तेही पावसाळा सरताना, तर तो कडुनिंबाचा शेंडेमर रोग. फोमॉप्सिस नावाच्या बुरशीने होतो, तेलंगणात अलीकडे खूप झाडांवर दिसला. अशी बरीच झाडं उन्हाळ्यात परत फुटतात, त्यामुळे लगेच करवत काढू नका. कित्येकदा तर उलटंच झालेलं असतं : झाड आधीच विरळ झालं, ऊन आत आलं, म्हणून वेल फोफावली. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असेल तर मला पहिला संशय त्याचाच येईल. निदान तीन-चार फूट माती मोकळी करा.

वेल कमी करायचीच असेल तर ओढू नका. ओढली की कोवळ्या फांद्या आणि साल सोबत येते. कमरेच्या उंचीवर एक काप, जमिनीलगत दुसरा, मधला तुकडा काढून घ्या, वरचं वरच वाळू द्या. विळखे तेवढे हलक्या हाताने सोडवा, कोयता सालीला लागू देऊ नका. गुळवेल मात्र हट्टी. बूड कापलं तरी वरून सुतळीसारखी मुळं खाली सोडते आणि ती मातीला टेकली की पुन्हा सुरू. महिन्या-दोन महिन्यांनी बघून ती मुळं कापत राहा. कापलेले तुकडे ओल्या मातीत टाकू नका, तिथेच फुटतात.

वेल काढायला कुणाला विचारावं लागत नाही. पण त्या निमित्ताने मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तुमच्या जागी मी असतो तर यंदा फक्त शेंड्यावरची वेल खाली घेतली असती आणि बुंध्यावरची तशीच ठेवली असती.