भाकरी सोडू नकोस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू येऊन गेलीस तेव्हापासून जिवाला चैन नाही. चहाचा कप उचलताना तुझा हात थरथरत होता. जेवायला बस म्हटलं, तर म्हणालीस, "बाई, भाकरी बंद केलीय." सकाळी एक सफरचंद, रात्री सूप, आणि दोन आठवड्यांत पाच किलो उतरले म्हणून खूश होतीस.

त्यात चरबी किती, याचा हिशेब कर. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे पाच किलोंच्या ३८,५००. चौदा दिवस कडकडीत उपाशी राहिलीस तरी तुझ्यासारख्या बैठं काम करणाऱ्या मुलीच्या एवढ्या खर्च होत नाहीत. जे उतरलं त्यात पाणी आहे, स्नायूही आहेत. तिशीत मीही काकडी आणि लिंबूपाण्यावर दिवस काढले होते. वजन उतरलं, पण तीनेक महिन्यांनी फणीत केसांचे पुंजके यायला लागले, आणि वर्षाच्या आत सगळं वजन परत आलं. तुझ्या बाबतीत हे होऊ नये म्हणून लिहितेय.

आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. त्याहून घाई नको. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडेसुद्धा होतात.

आता तुमच्या ताटाबद्दल. आपल्या सोलापुरी जेवणात भाकरी बिचारी उगाच बदनाम झालीय. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी म्हणजे जेमतेम १७० कॅलरी, वर चोथा भरपूर, त्यामुळे पोट धरून ठेवते. पण तिच्या शेजारची शेंगाचटणी बघ. मी काल काट्यावर मोजली. माझे दोन चमचे भरले तीस ग्रॅम, म्हणजे वरचं तेल न धरताही जवळजवळ आणखी एका भाकरीएवढ्या कॅलरी! चटणी सोडायची नाही, दाण्यात प्रथिनं चांगली असतात; पण एक चमचा, आणि वर तेल घ्यायचं नाही. कडक भाकरीचंही तसंच. पाणी उडालेलं असतं, हाताला हलकी लागते, कुरुमकुरुम करत चार कधी संपल्या कळत नाही. मोजून दोन काढ आणि डबा झाकून ठेव.

तेलाचं मात्र आईशी बोल. तुम्ही चौघं आहात आणि पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नाही, असं तीच म्हणाली होती. माणशी दिवसाला २०-२५ ग्रॅम पुरे, म्हणजे चौघांना महिन्याला अडीच ते सव्वातीन लिटर. फोडणीला पळीऐवजी चमचा वापरा.

ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला दे. मटकीची उसळ, घट्ट वरण, हुलग्याचं माडगं, अंडं, यातलं एक काहीतरी दोन्ही वेळेला हवंच. स्नायू टिकतात ते प्रथिनांमुळे. दुपारी साखर न घातलेलं ताक. कारखान्यात दिवसभर हिशेबाला बसतेस, तेव्हा चारच्या चहाबरोबरचा वडापाव मात्र बंद कर, त्याऐवजी पेरू किंवा मूठभर फुटाणे ने.

चालायला सकाळी संभाजी तलावावर जा, पण या उन्हात सातच्या आत घरी यायचं. आठवड्यातून दोनदा उठाबशा काढ किंवा वजन उचल.

आणि एक, हे लाजून लपवू नकोस. पाळी चुकली, चक्कर आली, छातीत धडधडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्याआधीही थायरॉईड, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घेच. थायरॉईडमुळे वजन वाढत असेल तर नुसतं ताट बदलून भागत नाही. रोज काट्यावर उभी राहू नकोस, आठवड्यातून एकदा पुरे. कंबर टेपने मोज. आपल्याकडच्या बायकांनी ती ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी असं डॉक्टर सांगतात.

येत्या रविवारी रिपोर्ट घेऊन ये. जेवायलाच ये, शनिवारी मटकी भिजत घालते.

तुझ्या,
बाई