भात सोडून भाकरी धरावी का?

प्रश्न : माझे वय ४६ असून तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारे प्रमाण) ६.१ टक्के आले आहे. भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि साखरेऐवजी गूळ घेतला तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असणे ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. ज्वारीत तंतुमय पदार्थ पांढऱ्या तांदळापेक्षा अधिक असले, तरी भाकरीही मुख्यतः पिष्टमयच असते. म्हणून तीन भाकऱ्या खाऊन भात टाळल्याचे समाधान मानण्यापेक्षा एक भाकरी किंवा लहान वाटीभर भात, त्यासोबत घट्ट वरण अथवा मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी आणि कोशिंबीर असे ताट वाढून घ्यावे, व जेवणाची सुरुवात शक्यतो कोशिंबीर-उसळीने करावी. गुळाने रक्तातील साखर जवळजवळ साखरेइतकीच वाढते; गुळाच्या चहाला अलीकडे मिळालेली प्रतिष्ठा आम्हाला तरी अनाठायी वाटते. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही टाळलेली बरी. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वजन ७ टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे हे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळींचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.