जुना चोवीस इंची प्रिंटर आणि काळेपांढरे फोटो

प्रश्न: गंगापूर रोडवरचा एक स्टुडिओ बंद झाला, तिथला एप्सन स्टायलस प्रो ७६०० मला मातीमोल भावात मिळाला. काही वर्षं नुसता पडून होता. वडिलांनी काढलेल्या सिंहस्थाच्या आणि गोदाघाटाच्या निगेटिव्ह स्कॅन करून मोठे काळेपांढरे प्रिंट काढायचेत. पण नोझल चेकमध्ये, म्हणजे शाईच्या छिद्रांच्या चाचणी प्रिंटमध्ये, रेघा तुटतात. पॉवर क्लीनिंगने (मशीनच्या जोरदार आपोआप सफाईने) नुसती शाई संपली. सातपूरचा फ्लेक्स मशीनवाला म्हणतो, हेड (शाई फवारणारा भाग) सॉल्व्हंटने धुऊन देतो. देऊ का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर: नका देऊ. त्याचा हात चांगला असेलही, पण फ्लेक्सची शाई सॉल्व्हंटची, तुमची पाण्याची. आणि ते पॉवर क्लीनिंगही आता पुरे.

लागोपाठ दोन-तीन नोझल चेक काढून शेजारी शेजारी ठेवा. रेघा दर वेळी त्याच जागी तुटत असतील तर छिद्रांत शाई वाळली आहे. जागा बदलत असतील तर हेडला नावं ठेवू नका, हवा शिरतेय. डॅम्पर (हेडला शाई पुरवणाऱ्या छोट्या डब्या) थकलेत, नाहीतर कॅपिंग स्टेशनचं, म्हणजे हेड जिथे विसावतं त्या कॅपचं, रबर कडक होऊन पंपाला ओढच मिळत नाही. पडून राहिलेल्या मशीनमध्ये मला बहुतेकदा हाच रोग सापडतो, आणि हे भाग बदलता येतात. शाई वाळली असेल तर कॅपमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरून हेड रात्रभर त्यावर बसू द्या. सिरिंजने जोर लावाल तर हेड कायमचं जाईल. नवं हेड मात्र घेऊ नका, मशीनपेक्षा महाग पडेल.

एखादा रंग उठलाच नाही तरी तुमचं अडत नाही. २००२ च्या या मशीनमध्ये एका वेळी काळी आणि फिकी काळी एवढ्या दोनच शाया. बाकीचा करडा ते रंग मिसळून बनवतं. म्हणून एका उजेडात छान दिसणारा प्रिंट दुसऱ्या उजेडात हिरवट मारतो. (तिसरी, आणखी फिकी काळी २००५ च्या ७८०० मध्ये आली.) त्यापेक्षा रंग काढून सातही खणांत कार्बनच्या करड्या छटा भरा. जॉन कोन यांच्या पिएझोग्राफी या काळ्यापांढऱ्या शायांचे असे तयार संच असतात. रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप हे प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक खण वेगळा चालवतं, त्यामुळे मेलेला खण वगळून सहांवर कर्व्ह (कुठल्या छटेला किती शाई, याचा आलेख) बांधता येतो. कर्व्ह बांधायला वेळ लागतो, कागदही बराच वाया जातो. तिथे चिकाटी हवी.

रंगीत शाई नळ्यांतून पूर्ण धुऊन काढल्याशिवाय करडी भरू नका, घाटाच्या पायऱ्या गुलाबी येतील. सुरुवात मॅट काळ्या शाईने, सुती मॅट कागदावर करा; ग्लॉसीचं नंतर बघू. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी, तेव्हा खोलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि आठवड्याला एखादा छोटा प्रिंट काढाच.