खरं बोललं तर दुखावतात, गोड बोललं तर मलाच पटत नाही

‘आमच्या गटात कुणी आपलं लिखाण वाचून दाखवलं की माझी पंचाईत होते. खरं बोलावं तर माणूस दुखावतो, नुसतं छान म्हणावं तर स्वतःलाच खोटारडं वाटतं. मग गप्पच बसावं का?’ हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो आणि विचारणारी माणसं बहुतेक वेळा कळकळीची असतात. ज्यांना दुसऱ्याच्या लिहिण्याची फिकीर नाही, त्यांची अशी पंचाईत होतच नाही. त्यांतल्या एका बाईंची हकिगत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

बाई हायस्कुलातून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. तालुक्याच्या वाचनालयात दर महिन्याला आठ-दहा हौशी मंडळी जमायची आणि आपापलं लिखाण वाचायची. त्यात सत्तरीच्या एक काकू होत्या. जन्मभर घर आणि शेत बघितलेल्या, नवरा गेल्यावर लिहायला लागलेल्या. त्यांची पहिलीच कथा होती १९६०च्या दशकात कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या माहेरच्या गावावर. बाईंनी वही घरी नेली, रात्र जागून तपासली आणि परत केली. ऱ्हस्व-दीर्घ सगळे दुरुस्त, संवादातलं ‘व्हतं’ खोडून ‘होतं’, आणि खाली शेरा: ‘ही कथा नव्हे, आठवणी आहेत. रचनेकडे लक्ष द्यावे.’

काकू पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. डोळ्यांना त्रास होतो, लिहिणं बंद केलंय, एवढा निरोप आला.

बाईंची झोप उडाली. यापुढे कुणाला काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. प्रत्येकाला ‘फार सुंदर’, प्रत्येकाला ‘मनाला भिडलं’. शेवटी गटातला एक तरुण मुलगा म्हणाला, “बाई, तुम्ही माझी कथा वाचलीच नाहीत ना?” तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

“माझं चुकलं काय तेवढं सांगा,” पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या. “एकेक दुरुस्ती नियमाला धरून होती.”

ऱ्हस्व-दीर्घांपुरती होतीच. शासनाने १९६२मध्ये मान्य केलेले मराठी लेखनाचे नियम त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलेले. त्यांच्याशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “बाई, वही आता समोर नाही. काकूंच्या कथेतलं काय आठवतंय?”

त्या बोलायला लागल्या आणि बराच वेळ थांबल्याच नाहीत. गाव सोडायच्या दिवशी म्हातारी आजी रोजच्यासारखी अंगण सारवायला बसते. सून म्हणते, पाण्यात जाणारं अंगण कशाला सारवताय? आजी म्हणते, ‘पानी येनार म्हनून पारोसं ठिवायचं व्हय?’ थोरला चुलता ट्रकमध्ये चढता चढता खाली उतरतो आणि रिकाम्या घराला कडी घालून येतो. हे सांगताना बाईंचा आवाज कापत होता. आजीचं वाक्य त्यांनी काकूंच्या बोलीतच म्हटलं. तिथे त्यांना एकही दुरुस्ती सुचली नाही.

“हे काकूंना सांगितलंत?”

“ते कशाला सांगायचं? ते चांगलंच होतं की.”

माझ्या मते सगळी अडचण इथे आहे. चांगलं ते आपण गृहीत धरतो आणि बोलतो फक्त खटकलेल्याबद्दल. लिहिणाऱ्याला मात्र आपली कडी वाचणाऱ्यापर्यंत पोचली की नाही, हे कुठूनही कळत नाही. मग पुढच्या खर्ड्यात तो नेमकी तीच काढून टाकतो, ‘रचनेकडे लक्ष’ द्यायचं म्हणून. ‘फार सुंदर’ म्हणणाराही त्याला याहून जास्त काही देत नाही. लाल शाई असो की गोड शेरा, वाचताना तुमचं काय झालं हे दोन्हींत कुठेच नसतं.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९६मध्ये अभिप्रायावरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरी पाहता अभिप्रायाने काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते उलट घसरलं होतं. लक्ष कामावरून उडून ‘मी कोण, माझी लायकी काय’ यावर गेलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. काकूंच्या बाबतीत मला हेच दिसतं. ‘कथा नव्हे’ या शेऱ्यात त्यांनी ‘तू लेखिका नव्हेस’ असं वाचलं.

म्हणून टीका गिळायची का? मुळीच नाही. हौशी लेखकाला संपादकाकडून बहुधा नकार मिळतो, कारण मिळत नाही. कारण सांगणारं माणूस मिळालं तर ते गटातलंच. फक्त आधी विचारावं: आत्ता तुम्हाला काय हवंय, नुसतं ऐकणारं कुणी, की कुठे काय अडतंय ते सांगणारं? पहिला खर्डा असेल तर शुद्धलेखनाला हात लावू नये. लिखाण छापायला पाठवायच्या वेळी ते जरूर करावं, पण तेव्हाच. आणि खटकलं ते निकालासारखं न सांगता जागा दाखवून सांगावं: ‘या पानावर माझा धागा सुटला’, ‘इथे कोण बोलतंय कळेना, दोनदा वाचावं लागलं’. वाचणाऱ्याचा धागा सुटला, यावर वाद होऊ शकत नाही. का सुटला आणि त्याचं काय करायचं, हे लिहिणाऱ्याने बघावं.

बाई काकूंच्या घरी गेल्या. माफी वगैरे फार घोळवू नका, आधी कडीबद्दल बोला, असं मी सुचवलं होतं. त्या तासभर कथेवरच बोलल्या. मग काकूंनी आपण होऊन विचारलं, “आन् वाईट काय वाटलं?” बाईंनी सांगितलं की शेवटी मुंबईचा नातू येतो तिथे त्यांचं लक्ष उडालं, त्या अंगणातून त्यांना बाहेर यायचं नव्हतं. काकू म्हणाल्या, “त्यो ऱ्हाऊ द्या. त्याच्यासाठीच तर लिवलंय.”

नातू राहिला. बाईंना तो अजूनही खटकतो आणि तसं त्यांनी काकूंना पुन्हा एकदा सांगितलंही आहे. संवादातली बोली काकूंनी जशीच्या तशी परत घातली. बाकीचे ऱ्हस्व-दीर्घ कथा दिवाळी अंकाला पाठवायच्या आधी दोघी मिळून बघणार आहेत.