ज्युलिएट रोमिओला शोधत नाहीये

प्रश्न असा आहे: ‘रोमिओ, रोमिओ! व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ?’ या ओळीचं ‘रोमिओ, तू कुठे आहेस?’ हे भाषांतर चालेल का, आणि चालत नसेल तर ‘व्हेअरफोर’ला मराठीत काय म्हणावं?

अजिबात चालणार नाही. गॅदरिंगच्या विडंबनांत ज्युलिएट कपाळावर आडवा हात धरून अंधारात रोमिओला हुडकत असते. आता त्याचं हसूही येत नाही. शेक्सपिअरच्या प्रवेशात (अंक 2, प्रवेश 2) रोमिओ खाली बागेतच उभा आहे, आणि हे तिच्या गावीही नाही. ‘नेमका तू रोमिओच का असावास?’ असा तिचा त्रागा आहे. पुढच्याच ओळीत ती म्हणते, बापाला नाकार, नाव टाकून दे. हरवलेल्या माणसाला कुणी असं सांगतं का?

आता खरी गंमत. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘व्हेअर’ अधिक ‘फॉर’. इथला ‘व्हेअर’ जागा विचारतच नाही, तो ‘कशा’चं काम करतो. कशा + साठी! ‘देअरफोर’ त्याचा जोडीदार: त्यासाठी, म्हणून. जर्मन ‘वारुम’ आणि डच ‘वारोम’ याच घडणीचे. अर्थ ‘का’, पण पोटात ‘कुठे’. संस्कृत ‘कुतः’ घ्या, त्यात ‘कुठून’ आणि ‘का’ दोन्ही नांदतात. गीतेत कृष्ण अर्जुनाला विचारतो, ‘कुतस्त्वा कश्मलमिदं विषमे समुपस्थितम्’. हा मोह कुठल्या गावाहून आला, अशी चौकशी काही तो करत नाहीये. शिवाय ‘व्हॉट, व्हेअर, व्हाय’मधला ‘व्ह’ आणि आपल्या ‘काय, कुठे, का’मधला ‘क’ ही एकाच मूळ ध्वनीची लेकरं.

आणि मराठीत आपण काय म्हणतो? ‘कुठून दुर्बुद्धी सुचली आणि या फंदात पडलो!’ यात कुणी पत्ता विचारत नाही. हा ‘कुठून’ म्हणजे हळहळणारा ‘का’. म्हणून कोशातला ‘कशासाठी’ बरोबर असला तरी मला कोरडा वाटतो. माझी ओळ अशी: ‘कुठून रे तू रोमिओ झालास!’ यात ‘कुठे’ आला, ‘का’ आला आणि तिचा उसासाही आला. ‘का’वाल्यांनी खुशाल नाक मुरडावं.

काही टीकाकारांचा आक्षेप असतो की ज्युलिएटच्या घराण्याचं वैर रोमिओच्या मोंटेग्यू या आडनावाशी आहे, तेव्हा तिनं ‘तू मोंटेग्यू का?’ असं म्हणायला हवं होतं. चौदाही पूर्ण न झालेली मुलगी मध्यरात्री प्रियकराचं आडनाव घेऊन उसासे टाकेल, ही कल्पना त्यांनाच लखलाभ.

‘दाऊ’चं मात्र ‘आपण’ करू नका. हा आपल्या ‘तू’चाच सख्खा नातलग. त्याच संध्याकाळी नाचाच्या समारंभात ती रोमिओला ‘यू’ म्हणत होती. काही तासांत ‘अहो’चं ‘अरे’ झालं, आणि तेही तो ऐकत नाही अशा समजुतीत.

आणि कृपा करून ‘आर्ट दाऊ’नंतर स्वल्पविराम छापू नका. तिथला रोमिओ ही हाक नाही. हाका दोन, त्या आधीच मारून झाल्या. तिसरा रोमिओ ‘तू रोमिओ आहेस’ यातला आहे.